तांब्याच्या रंगाचे १३,९०० रुपये

आधीच सांगतो, मी अंगठाछाप नाही. घरचं वायरिंग माझंच आहे, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट मीच घासतो. तरी १३,९०० रुपयांना गंडलो. हसायचं ते हसा, पण विहिरीवरची आपली मोटरीची स्टार्टर-पेटी एकदा बघून या.

मे महिन्यात बाजूच्या गावात पेटीत करंट उतरून एकाचा बैल गेला. त्याच आठवड्यात एक अर्थिंगवाला गाडी घेऊन हजर. अर्थिंग म्हणजे पेटीत उतरलेला करंट जमिनीत सोडणारी वायर अन् रॉड. ‘केमिकल अर्थिंग’, पाच वर्षांची गॅरंटी, कार्डावर परवान्याचा नंबर. “भाऊ, आज बैल गेला, उद्या माणूस जाईन.” मोटरीला एक, पेटीला एक, ६,४०० प्रमाणे दोन. वर टेस्टिंगचे १,१००. ९,००० रोख दिले, ४,९०० फोनवरून.

गाडीतला रॉड खरंच माणसापेक्षा उंच होता, तांब्याचा मुलामा चढवलेला. मग म्हणे, “लाईन बंद केली हाय, घरून दोन कॅन पाणी आना.” आणलं. येईस्तोवर दोन्ही रॉड जमिनीत आणि वर सिमेंट. मे महिन्यातली काळी माती! कुदळ मारली तर ढेकूळ उडतं, अन् याचे दहा फुटी दोन रॉड वीस मिनिटांत आत?

तेही सोडा. त्याने शंभरचा बल्ब लावून दाखवला. एक वायर फेजला, म्हणजे करंटच्या तारेला, दुसरीचा चिमटा विहिरीत उतरलेल्या लोखंडी पाइपाला. बल्ब लख्ख. तो चिमटा मी पाहिला. मनात आलंही, अर्थिंग तिकडे, मग चिमटा इकडे कसा? विचारलं नाही, कारण बांधावर गावातले चारजण उभे होते, आणि मघाशी त्यांना अर्थिंग म्हणजे काय ते मीच समजावून सांगत होतो.

तसाही बल्ब लागणं हा पुरावा नव्हेच. शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, रद्दी अर्थिंगवरही उजळतो. पेटीत फेज टेकल्यावर फ्यूज उडवायचा तर कितीतरी जास्त करंट जमिनीत जावा लागतो. अर्थ टेस्टरने ओहम, म्हणजे जमिनीचा अडथळा किती, ते मोजून दे म्हणा, नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

आषाढात झडी लागली. बायकोने पेटीचं दार उघडायला हात लावला अन् मागे फेकली गेली. नशीब बलवत्तर. उजवा हात तीन दिवस बधिर होता. सिमेंट फोडलं तर खाली दीड फुटाचा सळईचा तुकडा. तांब्याचा नुसता रंग, नखाने निघत होता. पेटीला वायर कसली होती ती ऑइलपेंटवरच. तिथला रंग खरडून चकचकीत लोखंड दिसल्याशिवाय कुणाला स्क्रू आवळू देऊ नका.

वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. “मीटरच्या पुढचं तुमचं.” ठाण्यात गेलो. पावती कच्ची, शिक्का नाही. वर मलाच, “रॉड काढला काहून? आता पंचनामा कायचा करू?” काढला नसता तर कळलं असतं कसं, साहेब? फोनवरून गेलेल्या ४,९०० ची नोंद दाखवली, तर म्हणे स्वखुशीने दिले ना. जिल्ह्याच्या कार्यालयात तीन फेऱ्या, तिकिटाचे ७२० रुपये. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा अर्ज चुकीच्या टेबलावर, तिसऱ्यांदा बाबू शांतपणे म्हणाला, “जीव गेला असता तर चौकशी लागली असती.” १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नंबर मिळाला, एवढंच.

शेवटी गावच्याच वायरमनने अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पुरला, भोवती कोळसा-मिठाचे थर, उन्हाळ्यात पाणी ओतायला वर फनेल, कारण आपली माती वाळली की भेगाळते आणि पाइपाला सोडते. ३,१५० रुपये, पेटीत करंट गळला की लाईन तोडणारा ईएलसीबी बसवला त्याचे वेगळे. आणि हो, पैसे देण्याआधी काम चालू असताना तिथून हलू नका, तहान लागली तरी.

त्या माणसाचा फोन अजून चालू आहे. परवा उचललाही. म्हणतो, “भाऊ, रॉड तुम्ही उपटला ना? मग गॅरंटी गेली.”