अवंती, टीटी की लोटसची वाट? जळगावकडे राहून स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर

आमच्या सावद्याच्या मावसभावाचा सध्या एकच प्रश्न चालू आहे, सेकंड हँड डीसी अवंती घेऊ, सेकंड हँड ऑडी टीटी घेऊ, की थांबू, कारण ब्रिटनशी व्यापार करार झालाय तर तिकडची स्पोर्ट्स कार लोटस स्वस्त होईल म्हणतात. त्याला फोनवर सांगून झालं पण असाच विचार करणारे भुसावळ, धुळे, शिरपूरकडे पण आहेत हे माहितीये, म्हणून सगळं एकदा नीट लिहून टाकतो.

आधी मुद्द्याचं सांगतो. छोट्या कंपनीची गाडी घेताना हॉर्सपॉवर नंतर बघा भाऊ, आधी हे बघा की ती कंपनी उद्या नसली तर ह्या गाडीचा कुठला पार्ट कोण देईल. तिन्ही पर्याय ह्याच एका प्रश्नावर एकदम वेगळे पडतात. अवंतीची कंपनी आता ती गाडी बनवत नाही. लोटस चालू आहे पण डळमळतेय. टीटी हे मॉडेल बंद झालंय पण ऑडी आणि तिच्यामागचा फोक्सवॅगन ग्रुप भक्कम उभा आहे. मॉडेल बंद पडणं आणि कंपनी बंद पडणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लोक नेमकं इथेच गोंधळतात.

आता अवंती, दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनची स्पोर्ट्स कार. मला ही गाडी मनापासून आवडते हे आधीच सांगतो. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली तेव्हा आपल्या महाराष्ट्रात कोणी मिड-इंजिन गाडी बनवेल हेच खरं वाटत नव्हतं. इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, कंपोझिट म्हणजे फायबरची बॉडी, आणि किंमत पस्तीस-छत्तीस लाखांच्या घरात, म्हणजे परदेशी स्पोर्ट्स कारच्या निम्मी. ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, हा आकडा आपल्याकडे फार मोठा आहे, कारण फैजपूर-सावदा-रावेरच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर कुठल्या कायद्यात बसवून केलेत ते कोणालाच माहिती नाही आणि टीटीवाल्याला तिथे प्रत्येक वेळी गाडी तिरपी घ्यावी लागते.

इंजिन स्वतःचं नाही, रेनॉल्टचं २ लिटर टर्बो पेट्रोल, साधारण २५० हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल. युरोपातल्या मेगान आरएसमध्ये जे इंजिन होतं त्याच घराण्यातलं. हे चांगलं पण आहे आणि अडचणीचं पण. चांगलं कशाने, तर इंजिनाचे पार्ट युरोपातून मागवता येतात, त्या गाड्या तिकडे भरपूर आहेत. अडचण ही की रेनॉल्टने हे इंजिन भारतात कधी विकलं नाही, त्यामुळे आपल्या रेनॉल्टवाल्याकडे क्विडचं सामान मिळेल, ह्याचं नाही. आणि ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट किलोमीटरवर जातो तसा वयावर पण जातो. अवंती बहुतेक लोकांनी हौसेला घेतली, कमी चालवली, शेडमध्ये उभी ठेवली, त्यामुळे जाहिरातीत 'फक्त ८ हजार किमी' असं बघून खूश होऊ नका, उलट तिथेच विचारा बेल्ट कधी बदलला आणि बिल कुठंय. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, कारण बेल्ट तुटला की इंजिन आतून मार खातं आणि मग ते उघडणारा माणूस शोधायला पुणे-मुंबई.

पण खरी भीती इंजिनाची नाहीच. दाराचं पॅनल, मागची काच, सस्पेन्शनचे आर्म, आतलं डॅशबोर्ड, वायरिंग, हे कोण देणार? पोलिसांनी २०२० च्या एका प्रकरणात (ते पुढे येतं) सांगितल्याप्रमाणे देशात-परदेशात मिळून सुमारे १२० अवंती विकल्या गेल्या. एवढ्या गाड्यांसाठी कुठला कारखाना काच ओतणार आहे. आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं पण आजही जुने एचएमटी शेतात चालतात, का, तर ते इतके विकले गेले होते की कंपनी गेली तरी पार्ट बनवणाऱ्याला धंदा उरला. अवंतीला तो आधार नाही. फायबरची बॉडी असल्याने बंपर फुटला तर फायबरवाला सांधून देईल, रंग पण मारून देईल, पण काच गेली तर? म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, समोरची काच, हेडलाइट, दाराची कुलपं कुठल्या दुसऱ्या गाडीची बसतात का खास बनवलेली आहेत. ज्या मालकाला ह्याचं उत्तर तोंडपाठ आहे त्याने गाडी सांभाळलीये असं समजा.

आणि कागदपत्रं. इथे अजिबात घाई नको. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी दिलीप छाब्रियांना अटक केली होती, आरोप असा होता की एकाच चेसिस नंबरच्या गाड्या एकापेक्षा जास्त ठिकाणी रजिस्टर झाल्या आणि एकाच गाडीवर एकापेक्षा जास्त कर्जं उचलली गेली. ते आरोप आहेत, खरं-खोटं ठरवायचं काम कोर्टाचं. पण घेणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच की गाडीवर कोरलेला चेसिस नंबर, इंजिन नंबर, आरसी आणि सरकारचं 'वाहन' पोर्टल ह्या सगळ्यावर एकच नंबर आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हायपोथिकेशन म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा निघालेला आहे का, फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आहे का हे बघायचं. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स परत भरणं आलंच. एमएच १९ ची पाटी लागेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, टोकन द्या आणि लेखी घ्या.

इन्शुरन्सचं पण आत्ताच बोलून घ्या. ज्या गाडीचे पार्टच मिळत नाहीत तिचा क्लेम कंपनी कसा सेटल करणार, आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी गाडीची किंमत किती धरणार, हे पॉलिसी घेण्याआधी लेखी विचारा.

टीटीकडे येऊ. ही काही छोट्या कंपनीची गाडी नाही पण तुलनेला हीच बरोबर आहे कारण अवंती बघणारा माणूस शेवटी हिच्याकडेच येतो. २०१५ ला आपल्याकडे तिसरी पिढी आली, एक्स-शोरूम ६० लाखांच्या पुढे, २ लिटर टीएफएसआय टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद देणारं क्वाट्रो आणि सहा गिअरचं ऑटोमॅटिक. पूर्ण बाहेरून आलेली, भारतात फार थोड्या. २०२३ मध्ये जगभर बंदच झाली. पण तोपर्यंत तीन पिढ्या मिळून साडेसहा लाखांहून जास्त टीटी बनल्या होत्या, आणि तेच महत्त्वाचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचं इंजिन. हेच घराणं स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आहे, सुपर्बमध्ये आहे, कोडियाक-टिग्वानच्या पेट्रोलमध्ये आहे. म्हणजे बॉनेट उघडल्यावर घाबरून न जाणारा मेकॅनिक आपल्या पट्ट्यात सापडू शकतो, आणि नाहीच सापडला तर संभाजीनगर किंवा नाशिक गाठता येतं. ह्या इंजिनाचं एक दुखणं प्रसिद्ध आहे, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लास्टिकचं हाऊसिंग गळतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हे गळणं परवडत नाही, त्यामुळे कूलंटची पातळी आणि त्या हाऊसिंगखालचे गुलाबी-पांढरे डाग नक्की बघा. गिअरबॉक्सचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललंय का, क्वाट्रोच्या कपलिंगचं तेल बदललंय का, हे दोन प्रश्न विचारा, बहुतेक मालकांना दुसऱ्याचं उत्तर येत नाही.

मजा किती? खरं सांगायचं तर अवंतीपेक्षा टीटी जास्त शहाणी आहे, थोडी सरळमार्गी. इंजिन पुढे, बसणं नेहमीच्या गाडीसारखं. अवंती घेऊन चौकात थांबलात तर चहावाला दुकान सोडून येईल, टीटीला तसं कोणी येणार नाही. पण पावसाळ्यात चाळीसगावचा कन्नड घाट ओल्या रस्त्यावर चढायचा असेल तर मला चार चाकांना ताकद देणारी टीटीच हवी, आणि बायको शेजारी बसलेली असेल तर अजूनच.

आता लोटस, कारण मावसभावाचं अर्धं मन तिथे अडकलंय आणि ते मी समजू शकतो. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमनने पहिली गाडी बनवली, गाडी हलकी ठेवायची हे त्याचं ध्येय, आणि आजपर्यंत लोटस चालवणारा माणूस स्टिअरिंगबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. पण ह्या कंपनीच्या मालकांची यादी बघा. चॅपमन १९८२ ला वारला, १९८६ ला जनरल मोटर्स, १९९३ ला बुगाटीवाले आर्टिओली, १९९६ ला मलेशियाची प्रोटॉन, २०१७ ला चीनची गीली. एवढ्या वेळा विकली जाऊनही कंपनी टिकली हे खरं, पण प्रत्येक वेळी काठावरून परत आलीये हे पण खरं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफमुळे मे महिन्यात इंग्लंडमधल्या हेथेलच्या कारखान्यातलं काम थांबवावं लागलं, कारखाना बंद होणार अशा बातम्या आल्या, कंपनीने नाही म्हणून सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं. सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करायचं ठरवलं होतं, ते पण सोडून हायब्रिडकडे वळले.

तिथे छोट्या कंपन्यांचं कायमचं दुखणं दिसतं. धडक चाचणी, प्रदूषणाचे नियम, एअरबॅगचं सॉफ्टवेअर, हा खर्च लाख गाड्या विकणाऱ्यालाही करावा लागतो आणि हजार विकणाऱ्यालाही, मग हजारवाल्याच्या प्रत्येक गाडीवर तो डोंगर बसतो. त्यामुळे छोटे लोक इंजिन दुसऱ्याचं घेतात. लोटसच्या एलिस गाडीत आधी रोव्हरचं होतं, २००५ ला रोव्हर बुडाली, पण तोवर लोटस टोयोटाकडे वळायला लागली होती म्हणून वाचली. लोटसच्या आताच्या एमिरा गाडीत व्ही६ आहे ते टोयोटाचं आणि चार सिलिंडरचं मर्सिडीज-एएमजीचं. म्हणजे लोटसला उद्या काही झालं तरी इंजिन अनाथ होणार नाही. चॅसिसचं तसं नाही, ते ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेलं असतं, मोठा मार बसला तर सरळ करून वेल्ड मारायची सोय नाही, बहुतेक वेळा गाडीच सोडून द्यावी लागते.

टीव्हीआर ह्या दुसऱ्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचं तर बघाच. ब्लॅकपूलचा कारखाना २००६ ला बंद, २०१३ ला नवा मालक, २०१७ ला नवी ग्रिफिथ मोठ्या थाटात दाखवली, लोकांनी डिपॉझिट भरले, आणि वर्षं गेली तरी गाडी घरी आली नाही. अशा कुठल्याही नव्या कंपनीला, मग ती आपली भारतीय स्टार्टअप असो, बुकिंगचे मोठे पैसे देऊ नका. आपण ग्राहक आहोत, गुंतवणूकदार नाही.

कराराचा हिशोब पण करून बघू. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, त्यात गाड्यांवरची ड्युटी १०० टक्क्यांच्या वरून १० टक्क्यांवर आणायचं ठरलं, पण कोट्यापुरतंच आणि टप्प्याटप्प्याने. एमिरा ब्रिटनमध्येच साधारण ८० हजार पौंडांपासून आहे, म्हणजे नव्वद लाखांच्या वर. त्यावर १० टक्के ड्युटी, वर ४० टक्के जीएसटी, वर आपल्याकडचा रोड टॅक्स ज्याची कमाल मर्यादा आता ३० लाख केलीये. हिशोब दीड कोटीच्या आसपास जातो, सगळं मनासारखं झालं तरी. शिवाय लोटस भारतात २०२३ ला आली ती दिल्लीत शोरूम घेऊन आणि २.५५ कोटींची इलेक्ट्रिक एलेट्रे घेऊन. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याने जरूर घ्यावी, मला आनंदच होईल खान्देशात एमिरा बघायला, पण ज्याचं बजेट सेकंड हँड टीटीचं आहे त्याने ह्या आशेवर दोन-तीन वर्षं थांबू नये.

माझं मत सांगतो. घरात दुसरी रोजची गाडी आहे, बंदिस्त शेड आहे, पुण्यातला एखादा जाणकार गॅरेजवाला हाताशी आहे, आणि पुढे विकायला गेल्यावर गिऱ्हाईक वर्षभर मिळालं नाही तरी चालेल, असं असेल तर अवंती घ्या. अशी गाडी परत होणार नाही आणि ती जिवंत ठेवणारे लोक हवेत असं मला मनापासून वाटतं. कर्ज काढून मात्र नको. नाहीतर टीटी, सर्व्हिसचा पूर्ण इतिहास असलेली, पन्नास हजार रुपये जास्त गेले तरी इतिहासवाली.

मावसभावाला मी टीटी सांगितलीये. तो पुढच्या आठवड्यात नाशिकला एक बघायला चाललाय, त्याला म्हटलंय मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिनावर पहिला स्टार्ट मलाच ऐकायचाय, आणि जाताना कोडियाक उघडणाऱ्या एखाद्या मेकॅनिकला सोबत घेऊन जा.