रोबो व्हॅक्यूम घेताय? पास्कलचा आकडा बाजूला ठेवा आधी

सगळ्या रोबो व्हॅक्यूमच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो, ५०००, १००००, हल्ली तर २०००० च्याही वर पास्कल, आणि बरेच जण तेवढाच बघून ऑर्डर टाकतात. माझ्या मते सगळ्यात बिनकामाचा आकडा हाच. पास्कल म्हणजे मशीन किती जोराने ओढतं, तेही मोटर फुल्ल सोडल्यावर, पण हवा खरंच किती वाहते, ब्रश केर उचलून तोंडापर्यंत आणतो की नुसता इकडून तिकडे ढकलतो, यातलं काहीच त्यात कळत नाही. २०१६ ला शाओमीचा पहिला रोबो आला (तो बनवला होता रोबोरॉक या कंपनीने) तेव्हा त्याचं सक्शन होतं १८०० पास्कल, आणि साध्या फरशीवरची धूळ तो व्यवस्थित उचलायचा. जाड गालिचा असेल तर जास्त सक्शनचा फरक पडतो, नुसती फरशी असेल तर ५००० आणि १५००० मधला फरक तुम्हाला दिसणार पण नाही, आवाजात मात्र कळेल.

मग बघायचं काय, तर मशीन तुम्हाला किती वेळा हाक मारतं ते. सोफ्याखाली अडकलं, वायर गिळली, उंबरठ्यावर लटकलं, टाकी भरली, ब्रशला केस गुंडाळले... दरवेळी आपणच वाकायचं असेल तर झाडू काय वाईट होता?

यातलं निम्मं ठरतं नेव्हिगेशनवर. २००२ ची पहिली रूम्बा आपटत आपटत फिरायची, भिंत लागली की वळ आणि सुट, कुठे जाऊन आली ते तिलाच माहीत नसायचं. २०१० ला नीटो कंपनीने घरगुती रोबोत भोवतालचं अंतर मोजणारा फिरता लेझर बसवला, म्हणजे आता आपण ज्याला लायडार म्हणतो ते, आणि रोबो सरळ रेषेत पट्टे मारायला लागला. रूम्बावाल्या आयरोबॉटने २०१५ ला कॅमेऱ्याची वाट धरली, छताकडे बघून नकाशा बनवायचा, आणि ती वाट त्यांनी इतकी वर्षं सोडली नाही की बाकीचे पुढे निघून गेले, शेवटी २०२५ ला त्यांच्याही नव्या मॉडेलांत लायडार आलाच. आता यावर अजून काय बोलणार. लायडार अंधारात पण चालतो, पहिल्या फेरीत घराचा नकाशा तयार, मग ॲपमध्ये खोल्या वेगळ्या करा, नको तिथे लाल चौकोन काढा, नुसता स्वयंपाकघराचा कोपरा झाडून घ्या. नुसत्या गायरोवर (आपण किती वळलो एवढंच कळणारा सेन्सर) चालणारी स्वस्तातली मशीनं अजून मिळतात, एका खोलीपुरती ठीक, पण दोन-तीन खोल्या असतील तर त्यांच्या नादी लागू नका.

लायडारचे पण घोळ आहेत हां. तो रोबोच्या डोक्यावर छोट्या बुरुजात बसवलेला असतो आणि त्याच उंचीवर बघतो, त्यामुळे खाली पडलेला मोजा, चार्जरची वायर, पडद्याची दोरी त्याला दिसतच नाही. आरशात त्याला पुढे अजून एक खोली दिसते. आणि त्या बुरुजामुळे उंची जाते साधारण दहा सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे पलंग त्याहून खाली असेल तर सगळ्यात जास्त धूळ जिथे असते तीच जागा राहिली की. ड्रीमीच्या एक्स५० आणि रोबोरॉकच्या सारोस १० मध्ये हा बुरुज आत ओढून घेता येतो, भारी प्रकार आहे, पण त्यासाठी टॉपचं मॉडेल घ्यावं लागतं. त्यापेक्षा आधी टेप घेऊन फर्निचरखालची जागा मोजा, पाच मिनिटांचं काम. उंबरठे पण मोजा, साधारण मशीन दोन सेंटीमीटरपर्यंत चढतं, त्याहून उंच असला की अंगात आल्यासारखं गुरगुरतं आणि मग मदतीला बोलावतं. काळा गालिचा असेल तर ती वेगळीच मजा, खालचे इन्फ्रारेड सेन्सर काळ्या रंगाला खड्डा समजतात आणि रोबो काठावरूनच परत फिरतो.

पुढच्या बाजूला कॅमेरा असलेली मॉडेलं वायर, चपला ओळखून वळसा घालतात. पैसे द्यायचे का यासाठी? घरात कुत्रा-मांजर असेल तर डोळे झाकून हो, कारण शी वरून रोबो गेला आणि घरभर पट्टे मारत फिरला तर काय होतं ते सांगायला नको :) आयरोबॉटने २०२१ च्या जे७ प्लसबरोबर तर प्राण्यांची शी चुकवली नाही तर मशीन बदलून देण्याचं वचनच दिलं होतं. प्राणी नसतील तर स्वतः वायरी उचला आणि पैसे वाचवा. शिवाय कॅमेरा म्हटलं की घरातले फोटो बाहेर जायची भीती, ती उगाच नाही. २०२२ मध्ये टेस्टिंगच्या रूम्बांनी काढलेले घरातले खाजगी फोटो इंटरनेटवर पोचल्याची बातमी आली होती, २०२४ मध्ये इकोव्हॅक्सचे काही रोबो हॅक होऊन त्यांच्या स्पीकरमधून शिव्या ऐकू आल्या. मी तरी बेडरूममध्ये कॅमेरावाला फिरू देणार नाही.

पुसण्याबद्दल सगळ्यात जास्त फसवणूक चालते. खाली ओलं फडकं लावलं की लगेच "व्हॅक्यूम आणि मॉप", पण ते फडकं नुसतं घासत जातं आणि दुसऱ्या खोलीपर्यंत मळ घेऊन जातं. २०२१ च्या रोबोरॉक एस७ मध्ये फडकं थरथरायचं, मिनिटाला ३००० वेळांपर्यंत, आणि गालिचा आला की ते वर उचलायचं, तेव्हा कुठे याला पुसणं म्हणावं असं झालं. आता दोन गोल फिरणाऱ्या चकत्या किंवा मग रोलर असतो, रोलर चालता चालता स्वतःलाच धूत राहतो त्यामुळे घाण पुढे पसरत नाही, मला हा प्रकार सगळ्यात पटतो. तरी वाळलेला चिकट डाग हातानेच काढावा लागतो, आणि कोपरा तर कोणालाच नीट जमत नाही, गोल अंग आणि चौकोनी कोपरा.

आता डॉक, म्हणजे रोबो चार्जिंगला जिथे जाऊन उभा राहतो तो स्टँड. स्वतः कचरा ओढून घेणारा डॉक घ्याच, हा एक खर्च मी कोणालाही डोळे झाकून सांगेन, कारण रोबोच्या पोटातला डबा एवढासा असतो आणि रोज रिकामा करायचा कंटाळा येऊन माणूस मशीन वापरायचंच सोडून देतो. ओढताना दहा-पंधरा सेकंद कान फाटतील असा आवाज येतो, रात्रीची वेळ लावू नका बस. पण फडकं धुणारा डॉक वेगळी गोष्ट आहे. त्यात स्वच्छ पाण्याची एक टाकी, घाण पाण्याची एक, आणि ती घाण पाण्याची टाकी दोन-तीन दिवस विसरलात तर जो वास सुटतो तो... असो. खालचं ताट पण खरवडून साफ करावं लागतं. गरम हवेने फडकं वाळवायची सोय नसेल तर असला डॉक घेऊच नका, ओलं फडकं कुबट होतं आणि तोच वास फरशीला. ज्यांच्या घरी जास्त करून गालिचेच आहेत त्यांनी या भानगडीत पडायचंच कशाला?

लांब केसवाल्यांनी ब्रश बघा. दातेरी ब्रशला केस असे गुंडाळतात की कात्रीशिवाय निघत नाहीत, रबरी रोलर त्यातल्या त्यात बरा. हल्ली एका बाजूला निमुळते होत जाणारे रोलर पण येतात, केस टोकाकडे सरकून आत ओढले जातात. बाजूच्या छोट्या ब्रशच्या मुळाशी मात्र सगळ्यांतच केस साचतात, अधूनमधून स्क्रू काढून बघायचं.

ॲपवर सगळं चालतं हे लक्षात असू द्या. बहुतेक मशीनं २.४ गीगाहर्ट्झच्याच वायफायला जोडली जातात, सेटअप अडकलं तर आधी तेच बघा. आणि कंपनी टिकेल का हा प्रश्न पण आहेच, लेझर घरात आणणारी नीटो २०२३ ला बंद झाली, आयरोबॉट अमेझॉनला विकली जाणार होती तो व्यवहार जानेवारी २०२४ ला मोडला आणि २०२५ संपता संपता त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. जरा खटपट जमत असेल तर व्हॅलेटुडो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, रोबोरॉक-ड्रीमीच्या ठराविक मॉडेलांवर चढतं आणि मग कंपनीच्या सर्व्हरशिवाय रोबो चालतो, पण कुठल्या मॉडेलवर चालतं ती यादी घ्यायच्या आधी बघायची, नंतर नाही. सॉफ्टवेअर नको असेल तर निदान फिल्टर, ब्रश, डॉकच्या पिशव्या तुमच्याकडे सहज मिळतात का ते शोधून ठेवा, नाव कमी ऐकलेलं असेल तर तिथेच गाडी अडते.