क्लबचं सहयोगी सदस्यत्व : हॉल अप्रतिम, पण चपलेचा नियम बदलायलाच हवा

वर्ष पूर्ण झाल्यावर निवांत लिहिणार होते, पण गेल्या महिन्यात मामांना फाटकावरून परत आणावं लागलं आणि आता थांबवत नाही.

दक्षिण मुंबईतल्या शंभरी ओलांडलेल्या एका क्लबचं सहयोगी सदस्यत्व मी गणपतीनंतर घेतलं. नाव मुद्दाम देत नाही. हाच नियम आणखी बऱ्याच जुन्या क्लबांत आहे. पूर्ण सदस्यत्वाची रांग आणि किंमत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. सहयोगीला तलाव नाही, पत्त्यांची खोली नाही, मत नाही. सांस्कृतिक विभागाचे कार्यक्रम, ग्रंथालय, कार्यक्रमाच्या दिवशी कँटीन, एवढंच मिळतं. सोबत एक पाहुणा नेता येतो, त्याचे तीनशे रुपये आगाऊ भरायचे.

मी पैसे भरले ते फक्त हॉलसाठी. सागवानी जमीन, उंच छत, वर झरोके, तिन्ही बाजूंना व्हरांडा. साठ-सत्तर माणसं जाजमावर बसतात आणि गाणं मायक्रोफोनशिवाय होतं. ज्यांनी आयुष्यभर नाट्यगृहातल्या स्पीकरमधून तंबोरा ऐकला आहे, त्यांनी एकदा तरी असा ऐकावा. जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लागत आली की तारेतून जो गंधार (ग) आपोआप उमटतो, तो इथे मागच्या भिंतीला टेकून बसलं तरी ऐकू येतो. डिसेंबरमधल्या एका बैठकीत तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी (प) निषादावर (नी) मिळवताना ऐकली आणि गायिका आ करण्याआधीच कळलं, संध्याकाळची वेळ आहे, रागात पंचम नाही, म्हणजे राग मारवा किंवा पूरिया. मारवाच निघाला. हे ओळखायला मला मामांनी शिकवलं, मी शाळेत असताना, सांगलीच्या घरी रेडिओसमोर बसवून. म्हणूनच त्यांना इथे आणायचं होतं.

मामा पंचाहत्तरीचे आहेत. मधुमेहामुळे पाय सुजतात, बूट चढत नाहीत. धोतर, सदरा, पायात कोल्हापुरी. गाणं साडेसहाचं, आम्ही सहालाच फाटकावर. पहारेकऱ्याने माझा पास पाहिला, मामांचा पाहता पाहता खाली पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, चप्पल चालत नाही." धोतर चालतं, ते राष्ट्रीय पोशाखात बसतं. सँडलही चालते. पुरुषांच्या पादत्राणाला टाचेमागे पट्टा हवा, असा नियम आहे. माझ्याही पायात कोल्हापुरीच होती. मी सगळा हिवाळा तीच घालून आत जात होते, कारण बायकांना ही अट नाही. पहारेकऱ्याचा दोष नाही. त्याने बिचाऱ्याने पाहुण्यांसाठी ठेवलेले काळे बूट कपाटातून काढून आणले. मामांनी पाय घालून पाहिला, अर्ध्यावर अडकला. "राहू दे गं, तू ऐकून ये," म्हणाले. मी कशी जाणार? दोघं टॅक्सीने घरी आलो.

आता मला कोणीतरी समजावून सांगा. त्या हॉलच्या दाराबाहेर लाकडी मांडणी आहे. प्रत्येक जण तिथे पादत्राणं काढतो आणि अनवाणी जाजमावर बसतो. म्हणजे पट्ट्याची सगळी शिस्त फाटकापासून मांडणीपर्यंतच्या फरसबंदी वाटेपुरती आहे. पन्नास पावलंही नसतील.

आणि कोल्हापुरी म्हणजे काही न्हाणीघरातली सपाता नव्हे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला आणल्या, तेव्हा श्रेय दिलं नाही म्हणून आपण सगळे तुटून पडलो आणि शेवटी त्यांना ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य करावं लागलं. तिकडे भांडून मिळवलेला मान आपल्याच शहरातल्या फाटकावर का मिळू नये?

हे क्लब उभे राहिले तेव्हा बऱ्याच ठिकाणी भारतीयांना सदस्यत्वच नव्हतं. 1875 साली सुरू झालेल्या बॉम्बे जिमखान्यातही नव्हतं. भारतीय आणि युरोपीय एकत्र बसावेत म्हणून 1918 मध्ये विलिंग्डन क्लब निघाला, आणि पुढे चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी आले म्हणून त्यांना तिथेच अडवलं गेलं. तमिळनाडूत 2014 मध्ये एका न्यायमूर्तींना धोतरामुळे क्लबात प्रवेश नाकारला, तर त्याच वर्षी विधानसभेने कायदा करून पारंपरिक पोशाखावरची अशी बंदी उठवली. असा कायदा इथेही व्हावा, आणि त्यात पायातल्याचा उल्लेख स्पष्ट असावा.

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांना सविस्तर पत्र लिहिलं. दोन आठवडे पोच नाही. त्या रागात इथपर्यंतचा मजकूर लिहिला आणि "सदस्यत्व घेऊ नका" असा शेवटही केला होता. तो काढून टाकते आहे, कारण मध्यंतरी उत्तर आलं. फोनही आला. चिटणीस नीट बोलले, मामांची चौकशी केली, तीनशे रुपये परत जमा केले. नियम बदलणं त्यांच्या हातात नाही, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, हेही सांगितलं. तोवर कोल्हापुरीला मागून पट्टा शिवून घ्या, आम्ही सोडू, असं सुचवलं. मामांना विचारलं. ते म्हणाले, "चप्पल बिघडवून गाणं नाही ऐकायचं मला." मला त्यांचं पटतं.

बाकीचं थोडक्यात. कँटीनमध्ये रोख चालत नाही, कुपनं घ्यावी लागतात आणि उरलेली तीन महिन्यांत बाद होतात. कुपनांचं लहान पुस्तकच घ्या. कटलेट चांगले, चहा पाणचट. ग्रंथालयात मराठीचं एकच कपाट आहे, पण जुने दिवाळी अंक बांधून ठेवले आहेत, त्यासाठी दुपार काढून जा. बसायला डावीकडच्या व्हरांड्याची बाजू धरा. उजवीकडचा पंखा आवाज करतो आणि विलंबित, म्हणजे संथ, लयीत तो फार खुपतो. पावसाळ्यात तबला पुन्हापुन्हा उतरतो, मिळवण्यात वेळ जातो. घाई असेल तर ते महिने टाळा.

मी पुन्हा जायला लागले आहे. परवाचा पूरिया धनाश्री इतका सुंदर झाला की घरी येऊन मामांना फोनवर बंदिश म्हणून दाखवली. पण पाहुणा पास घेणं बंद केलं आहे. कलम बदलण्याच्या ठरावावर दोन पूर्ण सदस्यांनी सह्या केल्या आहेत, तो सभेपुढे येईल. तुमच्यापैकी कोणी अशा क्लबचे मत असलेले सदस्य असाल तर नियमावलीतलं पादत्राणांचं कलम काढून वाचा आणि तुमच्याकडेही ठराव टाका. माझ्या नूतनीकरणाची मुदत सभेनंतर संपते. ठरावाचं काय होतं ते कळेपर्यंत मी पैसे भरणार नाही, आणि हे चिटणीसांना लेखी कळवलं आहे.