चुकलेल्या दिवसानंतरची सकाळ : नियमपालन आणि ख्रिस्ती विश्वास

बाहेरून पाहिले तर या दोन वाटांवरची माणसे वेगळी ओळखू येत नाहीत. दोघेही रविवारी उपासनेला येतात, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात, उपास करतात, सकाळी बायबल उघडतात आणि प्रभुभोजनासाठी एकाच रांगेत उभे राहतात. त्यामुळे ‘नियम पाळणारे’ आणि ‘विश्वास ठेवणारे’ अशी माणसांची वाटणी करून हा आढावा घेण्यात मला अर्थ दिसत नाही. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही वाटा शेजारी शेजारी असू शकतात आणि बहुधा असतातच. तुलना करायची आहे ती पायाची. देवासमोर उभे राहताना आपण पाळलेल्या नियमांच्या बळावर उभे राहतो, की ख्रिस्ताने आपल्यासाठी जे केले त्याच्या बळावर, एवढाच प्रश्न येथे आहे. मी यांपैकी दुसरा आधार निवडला आहे. तो का निवडला हे सांगताना पहिल्यावर अन्याय होऊ नये, एवढी काळजी घेण्याचा प्रयत्न करतो.

नियमपालनाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मन कोरडे पडते, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, अशा काळात रोजची सवयच माणसाला सावरून धरते. प्रभूची प्रार्थना वर्षानुवर्षे म्हटलेली असल्यामुळेच ती दुःखाच्या वेळी आपोआप ओठांवर येते. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला ‘आता पुढे काय करू?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर हवे असते आणि नियम ते देतात. शिवाय नियमशास्त्र, म्हणजे जुन्या करारात देवाने इस्राएलाला दिलेल्या आज्ञा, हे विश्वासाचे शत्रू आहे, असे समजणेही बरोबर नाही. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होतात त्या ‘मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले’ या वाक्याने. म्हणजे सुटका आधी झाली आहे आणि आज्ञा तिच्या मागून आल्या आहेत. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर येशूने देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या ज्या दोन आज्ञा सांगितल्या, त्याही अनुवाद आणि लेवीय या नियमशास्त्राच्याच पुस्तकांतल्या आहेत.

परूश्यांना, म्हणजे येशूच्या काळातील नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाला, दोष देऊन मोकळे होण्याची सवयही येथे बाजूला ठेवलेली बरी, कारण हा दोष कोणा एका समाजाचा नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने गुप्तपणे उपास करण्यास सांगितले होते. तरीही ‘दिदाखे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आरंभीच्या मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या, छोट्याशा मार्गदर्शक ग्रंथात असे लिहिले आहे की ढोंगी लोक सोमवारी व गुरुवारी उपास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करा. उपासाला ठरलेला वार असणे यात वाईट काहीच नाही, आणि तो वार मंडळीने पुढे शतकानुशतके मनापासून पाळला. परंतु खरेपणा आणि ढोंग यांतला फरक वारांवर सोपवण्याचा मोह मंडळीलाही किती लवकर झाला, हे त्या वाक्यात दिसते.

माझ्यापुरता निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती मात्र तत्त्वज्ञानातून आलेली नाही. ती गोष्ट म्हणजे थकबाकी. बायबलमध्ये एक हजार एकशे एकोणनव्वद अध्याय आहेत. वर्षभरात ते वाचून संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात-आठ होतात, आणखी एक चुकला की दहा-बारा. नियमाच्या आधारावर उभे असताना मला असे वाटत असे की आधी मागचे भरून काढावे आणि मग देवापाशी जावे. त्यामुळे ज्या दिवशी प्रार्थनेची सर्वांत जास्त गरज असे, नेमक्या त्याच दिवशी प्रार्थना करण्याचा संकोच वाटे. मागचे भरून काढण्यासाठी जे वाचन होई, त्यात डोळे ओळींवरून पुढे जात आणि मन उरलेल्या पानांवर असे. यशयाचा त्रेपन्नावा अध्यायसुद्धा, ज्यात ख्रिस्ती लोक ख्रिस्ताच्या दुःखाचे वर्णन पाहतात, ‘झाला’ अशी खूण करण्यापुरता वाचून होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

आळशीपणाची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. आळशी माणसाला वाचनाच्या वेळापत्रकाचे काही वाटत नाही. हा त्रास होतो तो मनापासून पाळणाऱ्यालाच. रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण स्कॉटिश पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या बायबल वाचनाचे वेळापत्रक तयार केले. जगभरातले ख्रिस्ती लोक ते आजही वापरतात. ते मंडळीच्या हाती देतानाच त्याने त्याचे धोकेही लिहून ठेवले होते: वाचन केवळ उपचार होऊन बसेल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान वाटू लागेल, वाचन निष्काळजीपणे होईल आणि काहींना ते न पेलणारे जोखड वाटेल. नियम करणाऱ्यानेच नियमाविषयी इतक्या स्पष्टपणे सावध करावे, हे मला फार मोलाचे वाटते.

या थकबाकीचा विचार नीट केला तर ती फिटण्यासारखी नसते, हेही लक्षात येते. उद्या मी कितीही चांगला वागलो, तरी उद्याचे चांगले वागणे हे उद्याचेच देणे असते. त्यातून कालचे फेडायला शिल्लक काहीच उरत नाही. ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत, आमचे कर्तव्य आम्ही केले’ असे म्हणा, हे लूकच्या सतराव्या अध्यायातील येशूचे शब्द याच कारणासाठी मला कठोर वाटत नाहीत, तर खरे वाटतात. नव्या करारातील पत्रात याकोब तर म्हणतो की सगळे नियमशास्त्र पाळून जो एका बाबतीत चुकतो तो सर्वांविषयी दोषी ठरतो. म्हणजे नियमांच्या आधारावर उभे राहायचे ठरवले की पुरेसे कधी होते, हे नियम कधीच सांगत नाहीत. आरंभीच्या मंडळीतला प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांस लिहिताना आपली जमेची बाजू मांडली आहे: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी, त्यातील नीतिमत्त्वाविषयी निर्दोष. हे सर्व त्याने ख्रिस्तासाठी हानी मानले. ज्याची बाजू इतकी भक्कम होती त्यालाही तिच्यावर विसंबावेसे वाटले नाही, हे निवड करणाऱ्याने शांतपणे विचारात घ्यावे.

आता दुसऱ्या बाजूला चुकलेल्या दिवसानंतर काय घडते ते पाहू. याचे सर्वांत स्पष्ट चित्र मला योहानाच्या एकविसाव्या अध्यायात सापडते. येशूचा शिष्य पेत्र याने, येशूला अटक झाली त्या रात्री, प्रभूला तीनदा नाकारले होते आणि तेही, ‘तुमच्यासाठी प्राण देईन’ असे म्हटल्यानंतर. पुनरुत्थित येशू तिबिर्य समुद्राच्या किनाऱ्यावर पेत्राला आणि इतर काही शिष्यांना भेटतो तेव्हा कोळशाचा विस्तव पेटवलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि पहिले बोलावणे ‘या, न्याहारी करा’ असे आहे. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ त्या रात्री अंगणात काय झाले, असे तो विचारत नाही. पुन्हा असे करणार नाहीस ना, अशी हमीही मागत नाही. प्रत्येक उत्तरानंतर तो पेत्रावर काम सोपवतो: माझी मेंढरे पाळ. पेत्र तिसऱ्या वेळी दुःखी होतो, असे योहान लिहितो, म्हणजे पापाकडे डोळेझाक झालेली नाही; ती जखम उघडी केली गेली आहे. पण हे सारे पेत्र जेवल्यानंतरचे आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचे सगळे वेगळेपण या क्रमात आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. क्षमा आधीच मिळणार असेल तर माणूस सैल होणार नाही काय? हा प्रश्न पौलाच्याच काळात विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने त्याला ठाम नकार दिला. तरीही प्रत्यक्षात तसे घडते, हे नाकारता येत नाही. डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मवेत्त्याने १९३७ साली, नाझी राजवटीच्या काळात, ‘स्वस्त कृपे’विरुद्ध जे लिहिले ते त्याच्या मंडळीत हा आजार पसरलेला पाहूनच. भावना दाटून आल्या की विश्वास आहे आणि ओसरल्या की नाही, असे मानणारी माणसेही मी पाहिली आहेत; त्यांच्यापेक्षा मुकाट्याने नियम पाळणारा माणूस शेजारी म्हणून अधिक भरवशाचा असतो, हे मान्य केले पाहिजे. शिवाय नियम पाळले की नाही ते मोजता येते. विश्वास असा मोजता येत नाही, आणि ज्याला स्पष्ट खुणा लागतात त्याला हे अवघड जाते.

परंतु सैलपणाच्या या भीतीला लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट पुरेसे उत्तर देते, असे मला वाटते. लबाडी करणाऱ्याने पाप कबूल करावे, घेतलेले पूर्ण परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा अधिक घालावा, असे गणनाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. जक्कय जकातदारांचा मुख्य होता. येशूने त्याला एकही अट न घालता ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे म्हटले. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की माझे अर्धे द्रव्य मी गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. पाचव्या हिश्शाचा नियम होता तेथे त्याने चौपट दिले, आणि अर्धी मालमत्ता देण्यास तर त्याला कोणी सांगितलेही नव्हते. पौल गलतीकरांस लिहिताना ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ म्हणतो, तो हाच असावा. कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाचे म्हणणेही मला त्याच्या विरोधात वाटत नाही. पाया आणि फळ यांची गल्लत झाली की मगच ते दोघे भांडताना दिसतात.

निवड बदलली म्हणजे सवयीही टाकून द्याव्या लागतात, असा एक गैरसमज आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्लिश पाळक जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये असताना त्याचा गट बुधवारी व शुक्रवारी उपास करी, तुरुंगातील कैद्यांना भेटे, प्रभुभोजन नियमाने घेई. इतके सगळे करूनही त्याला शांती नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत, रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, आपले तारण केवळ ख्रिस्तावर अवलंबून आहे याची त्याला खात्री वाटली. त्यानंतरही तो पहाटे उठत राहिला, उपास करीत राहिला, कैद्यांना भेटत राहिला. पंडिता रमाबाईंचा अनुभवही याच जातीचा आहे. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला धर्म मिळाला असला तरी त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे त्यांना काही वर्षांनी जाणवले आणि ते त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिले. इतकी विद्वान आणि त्यागी बाई हे लिहिते, तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाने ते स्वतःला लावून पाहण्यास हरकत नाही.

म्हणून ज्याला निर्णय करायचा आहे त्याला मी नम्रपणे एवढेच सुचवीन की आपण किती नियम पाळतो याची यादी करू नये; चुकलेल्या दिवसानंतरच्या सकाळी आपले पाऊल कोणीकडे वळते ते पाहावे. देवापासून लांब राहावेसे वाटत असेल, आधी काही भरपाई करून मग तोंड दाखवावे असे वाटत असेल, तर पाया नियमांचा आहे, मग ओठांवर कृपेचे कितीही शब्द असोत. तसेच्या तसे त्याच्याकडे जावेसे वाटत असेल, तर नियम थोडे असोत वा पुष्कळ, फार काळजीचे कारण नाही. ज्यांचा स्वभाव मुळातच शिस्तीचा आहे त्यांनी शिस्त अवश्य ठेवावी. वाचनाचे वेळापत्रक मीही ठेवले आहे. फक्त दिवस चुकला की राहिलेले अध्याय मागेच सोडतो आणि त्या दिवसाच्या अध्यायापासून सुरुवात करतो. राहिलेला भाग पुढच्या वर्षी पुन्हा येतो, आणि तेव्हा तो घाईने वाचावा लागत नाही.