वांग्याच्या रोपांसाठी ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

ट्रे घ्यावा का? जरूर घ्यावा. फक्त टोमॅटोइतक्या लवकर वांगंही वर येईल असं धरून चालू नये, नाहीतर बिचाऱ्या ट्रेला नाहक दोष लागतो. वांग्याच्या बियाला ओलीपेक्षा उबेची गरज जास्त. माती २५ ते ३० अंशांवर असेल तर आठवडा-दहा दिवसांत कोंब दिसतात. १५ अंशांच्या खाली बी नुसतं ओलं बसून राहतं आणि बऱ्याचदा कुजतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे "बी खराब निघालं" अशी तक्रार होते, तेव्हा बहुतेक वेळा कारण गारठा असतो.

त्यावर उपाय रोपवाटिकेतलाच. पेरून झालं की ट्रे एकावर एक रचायचे, वर एक रिकामा ट्रे ठेवायचा आणि सगळी चळत काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवायची. उन्हात मुळीच नाही, आत वाफ कोंडून बी शिजतं. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी उघडून बघा. पाचसहा कप्प्यांत वाकडी पांढरी मान दिसली की त्याच दिवशी ट्रे उजेडात काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात, आणि ती पुन्हा कधीच दणकट होत नाहीत.

कप्प्यांत मातीऐवजी भरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, स्वस्तातलं असेल तर आधी धुवा. नारळाच्या काथ्यात बऱ्याचदा क्षार असतात. दोन-तीन पाण्यांतून काढून पिळलं नाही तर दलांच्या (बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) कडा करपतात. भरताना मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून फार तर एखादा थेंब यावा, इतकंच ओलं हवं. कप्पा भरून हलकेच आपटा, अंगठ्याने ठासू नका. ठासल्यावर हवा जाते आणि मूळ वरच घोटाळतं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, कप्प्यात एकच. फार वर राहिलं तर टरफल दलांवर टोपीसारखं अडकतं. पाण्याचा थेंब सोडून तासभर थांबा, ओढून काढलंत तर दल तुटतं.

गुलाबी-हिरव्या रंगाचं, औषध लावलेलं बी भिजवू नका, औषध धुऊन जातं. हाताळताना हातमोजे घाला. घरचं साधं बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तर चालतं. मात्र ते पूर्ण पिवळ्या पडलेल्या फळाचं हवं, आणि काढल्यावर महिना-दोन महिने सुकवून ठेवलेलं. ताजं बी मागेपुढे उगवतं, काही उगवतच नाही.

पावसाळ्यात ऊब पुरेशी असते, तेव्हा खरी भीती मर रोगाची. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं. याचं मूळ जास्त पाण्यात आहे. कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं पण आत चिंब असतं. म्हणून रंग बघून पाणी घालू नका, ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्या. भरताना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं असेल तर मरीचं प्रमाण कमी राहतं. उन्हाळ्यात उलट: छोटे कप्पे दुपारपर्यंत सुकतात, दिवसातून दोनदा बारीक झारी लागते.

कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतं. पहिलं खरं पान उघडलं की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम द्या. नाहीतर रोप पिवळट पडून तिथंच थबकतं.

ट्रेबद्दलची तक्रार एकच, पातळ माल. कोपऱ्याला धरून उचलला की चिरतो. खालून दोन्ही हातांचा आधार द्या, किंवा जाड घ्या. पुन्हा भरण्याआधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून धुवा, नाहीतर जुनी मर नव्या रोपांत येते. चार-पाच आठवड्यांत, चार-पाच पानांवर रोप लावायचंच. त्यापुढे कप्प्यात मुळं गोल फिरू लागतात. कुंड्या रिकाम्या व्हायला वेळ लागणार असेल तर ९८ ऐवजी ५० कप्प्यांचा ट्रे घ्या. गच्चीवर दहा-बारा झाडं लावणाऱ्या घराला तोच योग्य.