पार्किंगच्या पावतीवर काय नाही ते आधी बघा

गाडी लावली की हातात येतो तो बोटभर पिवळा नाहीतर गुलाबी कागद. वर ‘वाहनतळ’, मधे ‘१० रु.’ आणि तळाला बारीक अक्षरात ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. एवढंच असेल तर ती पावती नव्हे, चिठोरं आहे. पावतीवर जागा कुणाची ते हवं: महापालिका, नगरपरिषद, रेल्वे, एसटी की देवस्थान. ठेकेदाराचं नाव, छापील अनुक्रमांक, कोणत्या गाडीला किती तासांचे किती, हेही हवं. गाडीचा नंबर, तारीख आणि लावल्याची वेळ पेननं भरायची असते, आणि नेमकी तीच जागा कोरी सोडतात.

कोरी का सोडतात, तर तोच कागद संध्याकाळपर्यंत चार-पाच गाड्यांना फिरतो. निघताना वसुलीचं पोरगं सहज म्हणतं, “पावती द्या की मामा माघारी.” आपणही देऊन मोकळे. दोन तुकड्यांची पावती असेल, तर एक तुकडा परत देणं ठीक. एकच कागद असेल तर तो खिशात ठेवायचा. तुमच्याकडे दुसरा पुरावाच नसतो. “पावती संपली” हे त्याच्याही पुढचं पाऊल. पावतीपुस्तक खरंच संपलं असेल तर साध्या कागदावर नंबर, वेळ, रक्कम लिहून सही करायला काय हरकत आहे? सही म्हटली की पोरगं जरा लांब जाऊन कुणालातरी फोन लावतं.

दर वाढवायच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. छापील १० वर रबरी शिक्का मारून २० करणं ही सगळ्यात जुनी. दुसरी मुदत संपलेल्या ठेक्याची. ठेका आर्थिक वर्षाचा असेल, तर तो ३१ मार्चला संपतो. नवा लिलाव लांबला की जुनीच माणसं जुन्याच पुस्तकावर एप्रिल-मे वसुली करत राहतात. तिसरी हद्दीची. ठेका आखलेल्या जागेचा, वसुली मात्र बाहेरच्या रस्त्यावर. यात्रेच्या, लग्नसराईच्या गर्दीत हे जास्त चालतं. इथं दुहेरी मार बसतो. पोराला ३० रुपये देऊन रस्त्यावर गाडी लावली, तासाभरानं वाहतूक पोलीस आले, तर चलान तुमच्याच नावावर फाटतं. नो-पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५००. तोवर पोरगं गायब. त्याला दिलेले पैसे पोलिसांपुढे कुठल्याच कामाचे नाहीत.

चौथी तऱ्हा स्टेशनावरची, आणि ती हिशोबाची आहे. सोमवारी रात्री ९ ला गाडी लावून माणूस देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेला आणि बुधवारी सकाळी ७ ला परत आला. झाले ३४ तास. फलकावर दर ‘२४ तासांना’ लिहिला असेल, तर दोन टप्प्यांचे पैसे होतात. ठेकेदाराचा माणूस बोटं मोजतो: सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस. पावतीवर लावल्याची वेळ नसेल, तर भांडायला हातात काहीच उरत नाही. म्हणून वेळ त्याच्याकडूनच लिहून घ्या. तो टाळत असेल तर गाडीसकट फलकाचा फोटो काढा, फोटोत वेळ राहते. फलक कुठं आहे तेही बघा. चहाच्या टपरीमागं, झाडाच्या फांदीआड, नाहीतर दराच्या आकड्यावर नेमकं बॅनर बांधलेलं, असा बहुतेकदा सापडतो.

हेल्मेटचे वेगळे पैसे फलकावर छापले असतील आणि हेल्मेट त्याच्या ताब्यात दिलं असेल तरच द्यायचे. आरशाला अडकवून ठेवलेल्या हेल्मेटचे कसले पैसे?

“वरून जीएसटी लागतो” म्हणाला की पावतीवरचा जीएसटी क्रमांक विचारा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. तो नसेल तर जीएसटीच्या नावावर पैसे मागता येत नाहीत. क्रमांक असला तरी दर ‘करासहित’ आहे का ते फलकावर वाचा. नसेल तर २० रुपयांवर १८ टक्के म्हणजे ३ रुपये ६० पैसे होतात. मागतात ५, कधी १०.

आता तळाची ती बारीक ओळ. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ लिहिलं की आपलं सगळं संपलं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. १९९८ साली दिल्लीच्या एका बड्या हॉटेलातून, हॉटेलच्या माणसाकडे चावी दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं, की चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती नीट परत करणं हॉटेलवर आहे. आपला हलगर्जीपणा नव्हता हे हॉटेलनं आधी दाखवायचं, तोवर अशा छापील ओळीचा आडोसा घेता येत नाही. फरक मात्र लक्षात ठेवा. चावी दिली असेल तर तुमची बाजू भक्कम. गाडी स्वतः लावून, कुलूप घालून चावी खिशात ठेवली असेल, तर राखणीत हयगय झाली हे तुम्हाला दाखवावं लागतं. मंगल कार्यालयात “चावी राहू द्या दादा, गाडी पुढं-मागं करावी लागते” म्हणतात. तेव्हा चावी दिली, अशी नोंद पावतीच्या मागं करून घ्या.

जागेवर काय करायचं? आवाज चढवायचा नाही. पोरगं रोजंदारीवर असतं, त्याच्याशी भांडून काही निघत नाही. तीनच गोष्टी विचारा: दरफलक कुठं आहे, ठेक्याचा आदेश कुणाकडे आहे, पावतीवर नाव कुणाचं. निम्मी प्रकरणं इथंच “जाऊ द्या, दहाच द्या” वर येतात. नाही आली आणि तुम्ही घाईत असाल, तर मागितलेले पैसे यूपीआयनं द्या. शेऱ्यात गाडीचा नंबर आणि ‘पार्किंग, फलकावर १०, घेतले ३०’ असं लिहा. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव एखाद्या भलत्याच माणसाचं निघालं, तर स्क्रीनचा फोटो ठेवा. ठेक्याची वसुली खासगी खात्यात जाते, याचा तो सरळ पुरावा असतो.

गाडी अडवली, चावी काढून घेतली किंवा चाकाला साखळी घातली, की विषय दहा-वीस रुपयांचा राहत नाही. रस्त्यावरची गाडी उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचीच परवानगी लागते. ठेकेदाराला तो अधिकार नाही. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खालचा गुन्हा आहे, धमकावून पैसे उकळणं कलम ३०८ खाली येतं. ११२ ला फोन लावा आणि गाडीजवळच थांबा. साखळी स्वतः तोडू नका. तोडलीत तर नुकसानीची उलटी तक्रार तयारच असते.

घरी आल्यावर तक्रार योग्य टेबलावर गेली पाहिजे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड आणि लातूरला महापालिका आहे, अर्ज आयुक्तांच्या नावे. बीड, धाराशिव, हिंगोलीला नगरपरिषद, तिथं मुख्याधिकारी. बसस्थानकाच्या आवारातलं असेल तर आगार व्यवस्थापक, प्रत विभाग नियंत्रकांना. रेल्वेसाठी १३९ ही हेल्पलाइन किंवा रेलमदद ॲप. तिथली तक्रार विभागाकडे जाते आणि नोंद क्रमांक लगेच मिळतो. लातूर सोलापूर विभागात आहे; नांदेड, परभणी, जालना ही स्टेशनं नांदेड विभागात. कागदावर अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पण खरा चिमटा बसतो तो माहितीच्या अधिकारानं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मजकूर एवढा पुरे: “अमुक वाहनतळाच्या चालू ठेक्याच्या कार्यादेशाची प्रत, मंजूर दरपत्रकाची प्रत, ठेक्याची सुरुवात व शेवटची तारीख, आणि वसुलीच्या हद्दीचा नकाशा मिळावा.” ‘जास्त पैसे का घेतात’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेला कागद देणं आहे. मुदत ३० दिवस. कागद आला की कळतं: दर १० चाच होता, नाहीतर ठेकाच चार महिन्यांपूर्वी संपलेला. मग तीच प्रत जोडून दुसरी तक्रार. ही तक्रार कुणी बासनात बांधत नाही, कारण आता बुडालेलं उत्पन्न कार्यालयाचं स्वतःचं असतं.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. तरी नुसत्या २० रुपयांसाठी आयोगाच्या पायऱ्या चढू नका, तारखांच्या येण्याजाण्यातच त्याच्या कित्येक पट जातील. गाडी चोरीला गेली, मोडली, तर मात्र तिथंच जायचं.

गाडीवाल्याला गंडवणारे पार्किंगबाहेरही भेटतात. वाटेत पंक्चर झालं तर एवढं बघा. ट्यूबलेस टायरला वात (भोक बुजवणारी रबरी पट्टी) बसवणारा साबणाचं पाणी मारतो आणि बुडबुडे दाखवतो. एक खिळा निघाला, आणि “अजून तीन आहेत साहेब.” असतातही, पण कधीकधी ती भोकं त्याच्याच टोच्यानं पाडलेली असतात, तुम्ही चहाला गेलात तेव्हा. टायरजवळून हलू नका. साबणपाणी आधी पूर्ण टायरला मारायला लावा, मिळेल तिथं खडूनं खूण करा, भोकं मोजा, दर ठरवा, मगच टोच्या आत जाऊ द्या. जुन्या पंक्चरमधला खिळा काढताना काळपट, घासलेला निघतो. ताज्या भोकात खिळाच नसतो आणि कडेचं रबर कोरं दिसतं. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला वात बसवून देतो म्हणाला, तर नको म्हणा. तिथं पंक्चर टिकत नाही, वेगात टायर फुटतो.

घरबसल्या होणारी फसवणूक वेगळी, आणि ती दहा-वीसवर थांबत नाही. व्हॉट्सॲपवर निरोप येतो: तुमच्या गाडीचा नंबर, ‘चलान थकीत’, आणि खाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती फोनमध्ये टाकली की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढं जातात. पोलीस एपीके पाठवत नाहीत. चलान स्वतः बघायचं, ‘महाट्रॅफिक’च्या किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर. पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’नं संपला पाहिजे, नाहीतर त्याला लागून तिरकी रेघ (/) हवी. रेघेऐवजी त्याला आणखी काही शेपूट जोडलेलं असेल तर तो सरकारी नाही. फाइल टाकलीच असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक. उशीर झाला की पैसे दोन-तीन खात्यांतून पुढं गेलेले असतात.

चलान खरं पण गाडी तुमची नाही, असंही होतं. हिंगोलीतली स्कूटी पुण्यात सिग्नल तोडते. आधी चलानातला फोटो उघडा. रंग, मॉडेल, आरसे, मडगार्ड बघा. एखादा अंक चुकीचा वाचला गेला असेल तर त्याच संकेतस्थळावर तक्रार करा, तुमच्या गाडीचा फोटो आणि आरसीची प्रत जोडा. नंबर हुबेहूब तुमचा आणि गाडी दुसरी असेल, तर कुणीतरी तुमच्या नंबरची पाटी लावून हिंडतंय. तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी द्या. कटकट नको म्हणून असलं चलान भरून टाकू नका. भरलंत की कबूल केल्यासारखं होतं, आणि पुढची चलानं येतच राहतात.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांच्या उच्च सुरक्षा नंबरपाटीवर (एचएसआरपी) तर फसवणुकीची दुकानंच उघडली. सरकारी दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीचे ५३१ आणि चारचाकीचे ८७९ रुपये १० पैसे. बसवणं त्यातच आलं. क्लिप, फ्रेम घेणं सक्तीचं नाही. शोधयंत्रात पहिल्यांदा दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आत शिरा. पाटी बसल्यावर डाव्या कडेला अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळं ‘आयएनडी’ आणि लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक बघा. पुढच्या-मागच्या पाटीचे क्रमांक वेगळे असतात. दोन्हींवर एकच असेल, किंवा नखानं खरवडल्यावर अंक निघत असतील, तर पाटी बनावट. ती बसते स्नॅप लॉकनं, स्क्रूनं नाही. स्नॅप लॉक एकदा काढलं की तुटतं, पुन्हा लागत नाही.

आणि हे काम आरटीओबाहेरच्या एजंटाकडून करून घेतलं असेल, तर आजच परिवहनच्या संकेतस्थळावर आरसीला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. बऱ्याच वेळा तिथं एजंटाचाच नंबर निघतो. तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात, चलानाचे निरोपही त्याच्याकडेच, आणि तुम्हाला ते कळतं ते थेट गाडी विकायला काढल्यावर.