मेनू ‘मधात’ कसा आणायचा: फ्लोट, इनलाइन-ब्लॉक, फ्लेक्सबॉक्स की ग्रिड?

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्याची साइट आम्ही धरमपेठेतल्या आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात बनवली. पहिला नमुना दाखवायला लॅपटॉप त्यांच्या गाळ्यावरच नेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, “भाऊ, हे नावं मधात काऊन नाई? उजव्या बाजूले सरकल्यावानी दिसून रायले.” मी ठामपणे सांगितलं की मधातच आहेत. परत येऊन मोजलं तर मेनू खरंच ४५ पिक्सेल उजवीकडे होता.

त्या संध्याकाळी कूलरसमोर बसून तोच नॅवबार, म्हणजे वरची मेनूची पट्टी, चार फायलींत चार पद्धतींनी लिहिला आणि चार खिडक्या शेजारीशेजारी लावल्या. डावीकडे १८० पिक्सेल रुंद लोगो, उजवीकडे ९० पिक्सेलचं ‘फोन करा’ बटण, मध्ये सहा नावं: मुख्यपान, संत्री, मोसंबी, आजचे भाव, शेतकऱ्यांसाठी, संपर्क. ‘संत्री’वर माउस नेला की खाली आंबिया बहार आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन हंगाम उघडतात. पट्टीची उंची ६४ पिक्सेल. तुमच्यापुढे नवी साइट असेल किंवा कुणाची तरी जुनी गळ्यात पडली असेल, तर कोणती पद्धत घ्यायची याचा अंदाज या चार खिडक्यांवरून येईल.

आधी दोन गोष्टी, ज्या चारही फायलींत सारख्याच कराव्या लागल्या. ब्राउझर यूएल या यादीला स्वतःहून डावीकडे ४० पिक्सेलचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि वर-खाली मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) देतो. ते शून्य केलं नाही तर कोणतीही पद्धत वापरा, मेनू तिरकाच वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे लिंक मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतल्या शब्दासारखी असते. तिला वरून-खालून पॅडिंग दिलं तरी शेजारची रचना त्यासाठी जागा सोडत नाही, नुसती रंगाची पट्टी फुगते. म्हणून लिंकला ‘डिस्प्ले: ब्लॉक’ देऊन पॅडिंग लिंकलाच द्यायचं, एलआयला (यादीतल्या एकेका घटकाला) नाही. एलआयला दिलं तर बटण मोठं दिसतं, पण बोट कडेला लागलं की काहीच होत नाही. डब्ल्यूसीएजी २.२ ही सुलभतेची मानकं २०२३ मध्ये आली. त्यांच्या दुसऱ्या पातळीवर दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल मागितली आहे आणि सर्वात कडक पातळीवर ४४. मी ४४ च धरतो, कारण आमचं गिऱ्हाईक ट्रॅक्टरवर बसून भाव बघतं.

फ्लोट

फ्लोट १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्येच (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) आला, पण तो चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा म्हणून. मेनूसाठी तो वापरला गेला, कारण तेव्हा दुसरं धड काही नव्हतं. एलआयला ‘फ्लोट: लेफ्ट’ दिलं की नावं एका ओळीत येतात, आणि त्याच क्षणी यूएलची उंची शून्य होते. आमच्या खिडकीत पट्टीचा नारिंगी रंगच गायब झाला. यावर जुना उपाय ‘ओव्हरफ्लो: हिडन’. रंग परत आला, पण ‘संत्री’खालची उपयादी कापली गेली, आंबिया आणि मृग दोन्ही बहार पट्टीच्या काठावरच संपले. मग क्लिअरफिक्स (डब्याच्या टोकांना अदृश्य तुकडे लावून उंची परत आणणारा क्लास) किंवा ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’.

उभं मध्यावर आणण्यासाठी फ्लोटकडे काहीच नाही. लोक लाइन-हाइट (मजकुराच्या ओळीची उंची) पट्टीच्या उंचीएवढी करतात, म्हणजे इथे ६४ पिक्सेल. नाव एका ओळीत असेपर्यंत छान. स्क्रीन अरुंद झाली, ‘आजचे भाव’ दोन ओळींत गेलं आणि पट्टी १२८ पिक्सेलची झाली. आडवं मध्यावर आणायला ‘फ्लोट: सेंटर’ असा पर्यायच नाही. आणि उजवीकडे न्यायला प्रत्येक एलआयला ‘फ्लोट: राइट’ दिलंत तर क्रम उलटतो, ‘संपर्क’ आधी आणि ‘मुख्यपान’ शेवटी. अख्खी यादी फ्लोट करायची, एलआय नाही, हे मला पहिल्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. मी एचटीएमएलमधला क्रमच उलटा लिहून ठेवला होता आणि तो बरेच दिवस तसाच चालला.

नव्या कामात फ्लोट घेऊ नका. हे फार लांबवण्यासारखं नाही.

इनलाइन-ब्लॉक

यात नावं शब्दांसारखी एका ओळीत बसतात, पण रुंदी-उंची डब्यासारखी घेतात. याची एकच मोठी जमेची बाजू: वरच्या डब्याला ‘टेक्स्ट-अलाइन: सेंटर’ लिहिलं की मेनू मध्यावर. फक्त नावांची पट्टी असेल, लोगो वेगळ्या ओळीत असेल, तर आजही चालतं.

त्रास रिकाम्या जागेचा. कोडमध्ये दोन एलआयच्या मध्ये नवी ओळ असली की ब्राउझर ती शब्दांमधली जागा धरतो आणि दोन नावांमध्ये ४ पिक्सेलच्या आसपास फट राहते. ‘आसपास’ म्हणतो, कारण ती फट फॉन्टच्या स्पेसएवढी असते, फॉन्ट बदलला की तीही बदलते. आम्ही इंग्रजी फॉन्टवर मोजून उणे मार्जिन दिलं होतं, देवनागरी फॉन्ट लावल्यावर नावं एकमेकांत घुसली. शिवाय लोगोचं चित्र अक्षरांच्या बेसलाइनवर उभं राहतं, त्यामुळे ‘व्हर्टिकल-अलाइन: मिडल’ लिहायचं आणि तरीही दोन-तीन पिक्सेलचा फरक गिळायचा.

फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड: खरी निवड इथे

आता मुद्द्याचं. आज निवड करायची ती या दोघांत: फ्लेक्सबॉक्स वस्तू एका ओळीत मांडतो, ग्रिड रकान्या-ओळींत. फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ चा, आजची लिहिण्याची पद्धत २०१२ ची. ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत एकदम आलं. दोन्हींना आता कुठल्याही चालू ब्राउझरची भीती नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्येच बंद केला.

फ्लेक्समध्ये आमचा नॅवबार चार ओळींत उभा राहिला. ‘डिस्प्ले: फ्लेक्स’, ‘अलाइन-आयटम्स: सेंटर’, ‘जस्टिफाय-कंटेंट: स्पेस-बिटवीन’ आणि नावांमध्ये ‘गॅप’. उभं मध्यावर येणं, ज्यासाठी फ्लोटवाल्यांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं, एका ओळीत झालं. ‘अलाइन-आयटम्स’ विसरलात तर लोगो पट्टीच्या उंचीएवढा ताणला जातो. गोल संत्र्याची पपई झाली की समजायचं, ही ओळ राहिली.

काकांना खटकलेले ४५ पिक्सेल मात्र याच ‘स्पेस-बिटवीन’मधून आले. तो उरलेली जागा दोन सारख्या वाट्यांत टाकतो, एक वाटा लोगो आणि मेनूच्या मध्ये, दुसरा मेनू आणि बटणाच्या मध्ये. फटी सारख्या होतात, पण मेनू पट्टीच्या मध्यावर येत नाही. लोगो १८०, बटण ९०, फरक ९०, त्याच्या निम्मे ४५. लोगो जड म्हणून मेनू तेवढा उजवीकडे ढकलला जातो. डेव्हलपरला फटी सारख्या दिसल्या की समाधान वाटतं, पण गिऱ्हाईक खालच्या मोठ्या चित्राचा मध्य पाहतं.

ग्रिडमध्ये याला सरळ उत्तर आहे. ‘ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: १एफआर ऑटो १एफआर’. एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा. दोन्ही कडांचे रकाने सारखे, मधला मेनूएवढा, आणि बटणाला ‘जस्टिफाय-सेल्फ: एंड’. मेनू अगदी मध्यावर. फक्त एक अट लक्षात ठेवा: एफआर रकाना आतल्या मजकुरापेक्षा आक्रसत नाही. आमच्या सहा नावांना फटींसकट साधारण ६०० पिक्सेल लागत होते, म्हणजे दोन्ही बाजूंना १८० धरून ९६० लागतात. स्क्रीन त्याखाली गेली की मेनू पुन्हा सरकायला लागतो. आम्ही त्याच्या थोडं आधीच मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) लावून मेनू दुसऱ्या ओळीत आणला. हेही ग्रिडमध्ये सोपं जातं, ‘ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज’ बदलले की काम झालं, एचटीएमएलला हात लावायची गरज नाही.

मग सगळंच ग्रिडमध्ये का नाही? कारण सहा नावांची ओळ ग्रिडला मानवत नाही. सारखे रकाने केले तर ‘संत्री’च्या दोन्ही बाजूंना मैदान आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ भिंतीला टेकलेलं. नावं जेवढी आहेत तेवढीच जागा घेऊन एकामागे एक उभी राहावीत, हे फ्लेक्सचं काम. म्हणून आम्ही बाहेरची पट्टी ग्रिडमध्ये आणि आतली यादी फ्लेक्समध्ये ठेवली. तुमच्याकडे लोगो डावीकडे आणि बाकी सगळं उजवीकडे असेल, मध्यावर काहीच नसेल, तर ग्रिडच्या भानगडीत पडू नका. फ्लेक्समध्ये यादीला ‘मार्जिन-लेफ्ट: ऑटो’ द्या, ती उजव्या काठाला जाऊन बसते. बहुतेक दुकानांच्या साइटला एवढंच पुरतं.

गॅपबद्दल एक खाचखळगा. ग्रिडमधला गॅप आधी आला, फ्लेक्समधला बराच नंतर: क्रोम ८४ मध्ये २०२० साली आणि सफारी १४.१ मध्ये २०२१ साली. त्याहून जुना फोन सांभाळायचा असेल तर सपोर्ट्स क्वेरीवर (ब्राउझरला एखादी सोय येते का, हे विचारणाऱ्या नियमावर) विसंबू नका. ग्रिडचा गॅप येत असला तरी ती ‘हो, गॅप येतो’ असंच सांगते, आणि तुमची नावं चिकटलेली राहतात. अशा ठिकाणी साधं मार्जिन बरं.

‘पोझिशन: ॲब्सोल्यूट’, डावीकडून ५० टक्के आणि ट्रान्सफॉर्मने उणे ५० टक्के हाही मध्यावर आणायचा एक मार्ग सांगितला जातो. मेनू मध्यावर येतो खरा, पण शेजाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. स्क्रीन अरुंद झाली की लोगोच्या डोक्यावर चढतो.

मराठी नावं लावून बघा

चारही पद्धतींना समान लागू असलेला आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधीच न भेटणारा भाग हा. तयार थीममध्ये मेनूला ‘लेटर-स्पेसिंग’ एक-दोन पिक्सेल असतंच. इंग्रजी कॅपिटलला ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते, ‘मुख्यपान’चे सुटे सुटे तुकडे दिसतात, वरंब्यावरून माती निसटल्यासारखे. मराठी मेनूला ‘लेटर-स्पेसिंग: नॉर्मल’ आधी लिहायचं, बाकीचं नंतर.

लाइन-हाइट १ ठेवली आणि डबा ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असला की ‘शेतकऱ्यांसाठी’ची वेलांटी आणि अनुस्वार वरून छाटला जातो. खाली ‘मुख्यपान’चा उकार अडकतो. मी १.५ च्या खाली जात नाही. उंची लाइन-हाइटने नाही, पॅडिंगने द्यायची. होव्हरला (माउस वर नेल्यावर) अधोरेखा द्यायची असेल तर ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने ती थोडी खाली सरकवा, नाहीतर उकाराशी भांडते आणि मध्येच तुटते. चालू पानाचं नाव ठळक करायची सवय असेल तर सोडा. ठळक अक्षर रुंद होतं आणि पानागणिक अख्खा मेनू दोन-चार पिक्सेल हलतो. रंग किंवा खालची जाड रेघ पुरते.

नावं दोन ओळींत मोडू नयेत म्हणून ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’ द्या, पण मग ती फोनच्या ३६० पिक्सेलमध्ये मावणार नाहीत. तिथे दोन पर्याय: तीन रेघांचा हॅम्बर्गर किंवा बोटाने आडवी सरकणारी पट्टी. काकांच्या साइटला रोज लागतं ते ‘आजचे भाव’, म्हणून ते हॅम्बर्गरमागे लपवणं मला पटलं नाही, पट्टीच घेतली. आणि तिथे पुन्हा मध्यावरच्या हट्टानं फसवलं. सरकणाऱ्या पट्टीला ‘जस्टिफाय-कंटेंट: सेंटर’ ठेवलं तर जास्तीचा मजकूर दोन्ही बाजूंना बाहेर जातो. उजवीकडचा सरकवून दिसतो, डावीकडचा कधीच नाही. ‘मुख्यपान’ अर्धं भिंतीत गेलं होतं आणि कितीही ओढलं तरी येईना. फोनवर ‘फ्लेक्स-स्टार्ट’ लिहिलं आणि सुटलो.

पट्टी वर चिकटून राहावी म्हणून ‘पोझिशन: स्टिकी’ आणि ‘टॉप: ०’ लिहितो. ती चिकटत नसेल तर वरच्या कुठल्यातरी डब्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आहे का बघा, दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

जुनी साइट हातात असेल तर

फ्लोटवर उभा असलेला जुना मेनू नीट चालत असेल तर निव्वळ फॅशनसाठी उकरू नका. २०१३ च्या बूटस्ट्रॅप ३ या तयार सीएसएस संचावर उभ्या साइट अजून आमच्याकडे दुरुस्तीला येतात. फ्लेक्स बूटस्ट्रॅपमध्ये २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत आला. अशा साइटमध्ये फक्त मेनूच बदलायचा असेल तर चांगली गोष्ट ही की वरच्या डब्याला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलं की आतल्या फ्लोटचा परिणाम आपोआप संपतो. जुने नियम लगेच खोडावे लागत नाहीत.

वाईट गोष्ट क्लिअरफिक्सची. त्याचे बिफोर आणि आफ्टर हे अदृश्य तुकडे आता फ्लेक्सचे सभासद बनतात. रुंदी शून्य, पण ‘स्पेस-बिटवीन’ त्यांनाही रांगेत उभं करतो. लोगो डाव्या काठापासून विनाकारण सुटलेला दिसतो आणि पॅडिंग शोधत दुपार जाते. त्या डब्यावरून क्लिअरफिक्सचा क्लास काढा. तो क्लास काढता येत नसेल, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर त्या दोन्ही तुकड्यांना ‘डिस्प्ले: नन’ द्या आणि पुढच्या माणसासाठी वर एक कॉमेंट लिहून ठेवा.